आम्ल, अल्क व उदासिनीकरण : गावातील वस्तूंच्या साह्याने पाठ

पौष महिन्यात पहाटेच्या दवात हरभऱ्याच्या शेतातून अनवाणी चालत गेलेल्या मुलाच्या पोटऱ्या चुणचुणतात. कोवळा शेंडा खुडून तोंडात टाकला की दात आंबतात. नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील खेड्यांत हा अनुभव नसलेले मूल विरळाच. हरभऱ्याच्या पानांवर व घाट्यांवर अतिशय बारीक केस असतात. त्यांतून जो आंबट रस पाझरतो, त्यात मुख्यतः मॅलिक व ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. रात्री पिकावर स्वच्छ पातळ फडके पसरावे, पहाटे ते दवाने भिजले म्हणजे पिळून घ्यावे आणि अशा रीतीने 'आंब' गोळा करून ठेवावी, ही जुन्या शेतकऱ्यांची रीत आहे. म्हणजे आम्ल हा शब्द शाळेत कानांवर पडण्यापूर्वीच विद्यार्थ्याने आम्ल चाखलेले असते, एवढेच नव्हे, तर त्याच्या घरच्या मंडळींनी ते गोळाही केलेले असते.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे अध्यापनाचे सूत्र प्रत्येक शिक्षकास परिचित आहे. आम्ल व अल्क या विषयात ते पाळणे फार सोपे आहे. कारण या पाठाची बहुतेक सामग्री स्वयंपाकघरात, परसात आणि शेताच्या बांधावर मिळते. असे असूनही पुष्कळ वर्गांत हा पाठ केवळ व्याख्या पाठ करून संपतो. त्यामुळे विद्यार्थी परीक्षेत उत्तर लिहितो, परंतु त्याच्या पुढ्यात एखादे दिवशी डोळ्यांत चुना उडालेले लहान भावंड रडत येते, तेव्हा काय करावे आणि काय करू नये, हे त्याला उमजत नाही. पाठ नीट शिकविला गेला आहे की नाही, याची कसोटी त्या प्रसंगी लागते.

शब्दांचा घोळ आधी सोडवावा

या विषयात बोलीभाषेतील शब्द विद्यार्थ्याला मदतही करतात आणि अडचणीतही टाकतात. 'आंबट' आणि 'आम्ल' यांचे नाते त्याला चटकन समजते. परंतु 'खार', 'खारट' व 'क्षार' या शब्दांनी गोंधळ उडतो. पापडखार, सज्जीखार, टाकणखार यांतील खार हा अल्कधर्मी पदार्थ होय. जेवणातील मीठ मात्र खारट असूनही अल्क नव्हे. ते उदासीन आहे. पाठ्यपुस्तकात 'क्षार' हा शब्द आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने होणाऱ्या पदार्थासाठी योजलेला आहे आणि मीठ हा असा एक क्षार होय. गावात विहिरीच्या पाण्याला 'क्षाराचे पाणी' म्हणतात, तेथे त्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादींचे क्षार अभिप्रेत असतात. हे तीन अर्थ फळ्यावर शेजारी शेजारी मांडून दाखविल्यास पुढील अर्धा गोंधळ आपोआप मिटतो.

आम्लारी आणि अल्क यांतील भेदही येथेच सांगावा. आम्लाशी संयोग पावून क्षार व पाणी देणारा पदार्थ तो आम्लारी. जो आम्लारी पाण्यात विरघळतो, त्यास अल्क म्हणतात. प्रत्येक अल्क हा आम्लारी असतो, परंतु प्रत्येक आम्लारी अल्क नसतो. इंग्रजीतून आलेला 'अल्कली' हा शब्द मुळात अरबी असून त्याचा संबंध वनस्पतींच्या राखेशी आहे. भांडी घासावयास चुलीतली राख घेणारी आजी वस्तुतः अल्काचाच उपयोग करीत असे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, व ते तेलकटपणा सुटा करते.

आम्ल व अल्क यांचे स्वरूप

पाण्यात विरघळल्यावर जो पदार्थ हायड्रोजन आयन देतो तो आम्ल आणि जो हायड्रॉक्साइड आयन देतो तो अल्क, ही कल्पना स्वीडनमधील शास्त्रज्ञ स्वान्टे अऱ्हेनियस याने १८८४ साली मांडलेल्या विद्युत्-विच्छेदनाच्या सिद्धांतातून निघाली. त्या कार्याबद्दल १९०३ साली त्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९०९ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन याने आम्लता मोजण्याची पट्टी तयार केली. तिला मराठीत 'सामू' म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७, त्याहून कमी तो आम्लधर्मी, व त्याहून अधिक तो अल्कधर्मी. लिंबाच्या रसाचा सामू सुमारे २ ते २.५, दह्याचा ४ ते ४.५, माणसाच्या रक्ताचा सुमारे ७.४, खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सुमारे ८.३ आणि चुन्याच्या निवळीचा १२ हून थोडा अधिक असतो.

या पट्टीत एक पायरी म्हणजे एकपट नव्हे, तर दहापट होय, हे शिक्षकाने आवर्जून सांगावे. सामू ४ असलेल्या द्रावणापेक्षा सामू २ असलेले द्रावण दुप्पट नव्हे, तर शंभरपट आम्लधर्मी असते. गणिताच्या तासाला दहाचे घात शिकविताना हेच उदाहरण घेतले, तर दोन्ही विषयांचा लाभ होतो.

हळद आणि जास्वंद : गावचे दर्शक

आम्ल व अल्क यांच्या संपर्काने ज्याचा रंग बदलतो त्या पदार्थास दर्शक म्हणतात. फुलांच्या रंगाचा असा उपयोग होतो, हे रॉबर्ट बॉइल याने १६६४ साली रंगांविषयीच्या आपल्या ग्रंथात नोंदविले. शाळेत लिटमस कागद नसल्यास अडण्याचे कारण नाही. अर्धापूर, वसमत या भागांत हळद घरोघरी आहे, आणि जास्वंदीचे झाड बहुतेक अंगणांत असते.

हळदीचा कागद करण्यासाठी चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून ती साध्या पांढऱ्या कागदावर लावावी व कागद सावलीत वाळवून पट्ट्या कापाव्यात. साबणाचे पाणी किंवा चुन्याची निवळी लागताच पट्टी तांबूस लाल होते. हळदीचे डाग पडलेले धोतर साबणाने धुताना लाल होते, आणि मुका मार लागल्यावर लावावयाचा हळद-चुन्याचा लेप कालवताच लाल होतो, ही उदाहरणे विद्यार्थी स्वतःच सांगतील.

परंतु हळद अर्धेच उत्तर देते, हे विसरू नये. ती आम्लातही पिवळी आणि साध्या पाण्यातही पिवळीच राहते. म्हणून पट्टी पिवळी राहिली, यावरून पदार्थ आम्ल आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. यावर सोपी युक्ती अशी की, पट्टी प्रथम साबणाच्या पाण्याने लाल करून घ्यावी. अशा लाल पट्टीवर लिंबाचा, चिंचेचा किंवा ताकाचा थेंब पडला की ती पुन्हा पिवळी होते. साध्या पाण्याच्या एका थेंबाने सहसा होत नाही. जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळून केलेली जांभळट पट्टी मात्र दोन्ही बाजूंनी साक्ष देते. आम्लाने ती गुलाबी-लाल होते आणि अल्काने हिरवट होते. एकाच पदार्थाची दोन दर्शकांनी परीक्षा घेतल्यास एका पुराव्यावर विसंबू नये, हा शास्त्रीय वृत्तीचा धडा मुलांना वेगळा सांगावा लागत नाही.

उदासिनीकरणाचा प्रयोग

साहित्य : चुना, स्वच्छ पाणी, काचेचा पेला, हळद, दोन लिंबे, थेंब टाकण्यासाठी नळी, लहान चमचा.

चिमूटभर चुना पेलाभर पाण्यात शिक्षकाने स्वतः ढवळावा व ते पाणी तासभर स्थिर ठेवून वरची नितळ निवळी हलकेच ओतून घ्यावी. दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे १० मिलिलीटर निवळी दुसऱ्या पेल्यात घेऊन तीत अगदी थोडी हळद टाकावी. पाणी लाल होईल. आता लिंबाचा गाळलेला रस एकेक थेंब टाकावा, प्रत्येक थेंबानंतर ढवळावे आणि सर्व वर्गाने मोठ्याने मोजावे. प्रथम थेंब पडेल तेथे पिवळा ठिपका दिसून ढवळताच नाहीसा होईल. पुढे तो ठिपका अधिकाधिक काळ टिकेल आणि शेवटी एका थेंबासरशी सगळे पाणी पिवळे होईल. लिंबू चांगले रसदार व आंबट असल्यास साधारणपणे दहा-पंधरा थेंबांत हे घडते.

येथे शिक्षकाने थांबून विचारावे : चुना कोठे गेला? लिंबाचे आम्ल कोठे गेले? दोहोंचा नाश झाला नाही. आम्लातील हायड्रोजन आयन व चुन्यातील हायड्रॉक्साइड आयन यांचे पाणी झाले, आणि उरलेले भाग एकत्र येऊन कॅल्शियम सायट्रेट हा क्षार बनला. आम्ल अधिक आम्लारी यांपासून क्षार अधिक पाणी, हेच उदासिनीकरण होय. हायड्रोक्लोरिक आम्ल व सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या उदासिनीकरणात जो क्षार तयार होतो तो म्हणजे आपले मीठ. शरीर जाळणाऱ्या दोन पदार्थांतून जेवणात घालावयाचा पदार्थ निर्माण होतो, याचे मुलांना मोठे नवल वाटते.

मग दुसऱ्या लिंबाचे थेंब तितक्याच निवळीत टाकून मोजावे. संख्या निराळी आल्यास, कोणते लिंबू अधिक आंबट याचे उत्तर जिभेऐवजी मोजणीने मिळाले, हे लक्षात आणून द्यावे. मोठ्या प्रयोगशाळांतील अनुमापनाची रीत हीच आहे. फक्त तेथील उपकरणे अधिक काटेकोर असतात.

वरच्या इयत्तांत आणखी दोन गोष्टी सांगाव्या. पहिली अशी की, उदासिनीकरणानंतर सामू प्रत्येक वेळी अगदी ७ च येतो असे नाही. आम्ल दुर्बल आणि अल्क तीव्र असल्यास तो थोडा वर राहतो. दुसरी अशी की, उदासिनीकरणात उष्णता बाहेर पडते. तीव्र आम्ल व तीव्र अल्क यांपासून एक मोल पाणी बनताना सुमारे ५७ किलोजूल उष्णता निघते. पेल्यातील सौम्य द्रावणात ती हाताला जाणवत नाही. परंतु ही गोष्ट पुढे सावधगिरीच्या प्रकरणात फार महत्त्वाची ठरते.

घरातील व शेतातील उदाहरणे

पितळेची किंवा तांब्याची भांडी चिंचेने घासली की चकाकतात. भांड्यावर चढलेला काळपट थर मुख्यतः तांब्याचा ऑक्साइड असतो. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्क नव्हे, पण आम्लारी आहे. चिंचेतील टार्टारिक आम्लाशी त्याचे उदासिनीकरण होऊन क्षार तयार होतो व तो धुऊन जातो. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, त्यामागेही ताकातील आम्लाची धातूवर होणारी क्रिया आहे. भांडी घासताना जी क्रिया उपयोगी, तीच अन्न ठेवताना अपायकारक, हे येथे दाखविता येते.

काळ्या जमिनीत खणले असता पांढरे चुनखडीचे खडे सापडतात. असा एक खडा वर्गात आणून त्यावर लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे येतील. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाच्या क्रियेने त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. चहाच्या भांड्याच्या तळाशी साठणारा पांढरा थर लिंबाने सुटतो, तोही याच कारणाने.

या चुनखडीमुळे मराठवाड्यातील काळ्या जमिनींचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. कोकणातील जांभ्या जमिनी आम्लधर्मी असल्यामुळे तेथे चुना टाकणे हितकारक ठरते. तोच उपाय पुस्तकात वाचून लातूर किंवा नांदेडच्या शेतकऱ्याने केला, तर नुकसान होईल. चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही ते न विरघळणाऱ्या स्वरूपात राहते, मुळांना मिळत नाही, आणि सोयाबीन किंवा भुईमूग यांची कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात. चोपण जमिनीची गोष्ट आणखी वेगळी आहे. तेथे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम हा दोष असतो. जिप्सममधील कॅल्शियम त्याची जागा घेतो व सुटा झालेला सोडियम पाण्याच्या निचऱ्याबरोबर वाहून जातो. म्हणून निचरा नसल्यास नुसते जिप्सम टाकून भागत नाही. जिप्सम हे आम्ल नव्हे, हेही स्पष्ट करावे. २०१५ सालापासून दिल्या जाऊ लागलेल्या जमीन आरोग्य पत्रिकेवर मातीचा सामू लिहिलेला असतो. विद्यार्थ्यांनी घरची पत्रिका आणून तो आकडा वाचला व पालकांना समजावून सांगितला, तर शाळेतले ज्ञान थेट बांधावर पोहोचते.

सहलीसाठी बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे या पाठाचे मोठे उदाहरण होय. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या या खड्ड्यातील पाणी खारटही आहे आणि अल्कधर्मीही. खारटपणा मिठाचा आहे आणि अल्कता सोडियमच्या कार्बोनेटाची आहे. त्याचा सामू १० च्या आसपास असल्यामुळे हळदीची पट्टी तेथे लाल होते. नुसत्या मिठाच्या पाण्यात ती होत नाही. २०२० च्या जून महिन्यात या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा लोकांत नाना तर्क निघाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून ते खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्म जीवांमुळे झाल्याचे दाखविले.

उदासिनीकरण कोठे करू नये

चुना हा गावात सर्वात सहज मिळणारा तीव्र अल्क आहे. तो पानाच्या डबीत असतो, तंबाखूबरोबरच्या लहान पुडीत असतो, भिंतीच्या सफेदीत असतो आणि कबड्डी-खोखोच्या मैदानावर आखलेल्या फक्कीतही असतो. भट्टीतून निघालेला कळीचा चुना पाण्यात टाकताच उकळल्यासारखा तापतो. चुन्याची पुडी दाबताना ती फुटून लहान मुलांच्या डोळ्यांत चुना गेल्याचे प्रकार आपल्या देशातील नेत्रतज्ज्ञ वारंवार पाहतात, आणि त्यांत कायमचे अंधत्व येऊ शकते. आम्लामुळे डोळ्याच्या पृष्ठभागावरील प्रथिने गोठतात व तो थर आम्लाला काही अंशी आत जाऊ देत नाही. अल्क मात्र पेशींतील स्निग्ध पदार्थांचा साबण करीत आत आत शिरतो. म्हणून चुना आम्लापेक्षाही अधिक भयावह ठरतो.

अशा वेळी हुशार विद्यार्थ्याच्या मनात सरळ विचार येणार : चुना अल्क, लिंबू आम्ल, तेव्हा डोळ्यांत लिंबू पिळावे. हा विचार घातक आहे. उदासिनीकरणात उष्णता निघते, किती आम्ल पुरेल हे डोळ्यांत मोजता येत नाही, आणि अधिक पडलेले आम्ल स्वतः इजा करते. यास्तव शिक्षकाने पुढील नियम वर्गात तोंडपाठ करून घ्यावा.

१. डोळ्यांत चुना गेल्यास क्षणाचाही विलंब न लावता पापण्या उघडून धरून स्वच्छ पाण्याची सतत धार सोडावी. कमीत कमी २० मिनिटे धुवावे. चुन्याचे कण दिसल्यास पाण्याच्या धारेनेच काढावेत. डोळा चोळू देऊ नये.
२. लिंबू, दूध, तूप, मध किंवा कोणतेही अंजन घालू नये.
३. धुणे पुरे झाल्यावर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. गरज भासल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
४. कातडीवर कोरडी फक्की पडल्यास आधी ती झटकावी, मग भरपूर पाणी ओतावे.
५. संडास साफ करण्याचे आम्ल किंवा तत्सम द्रव कोणी प्याल्यास सोडा पाजू नये, उलटी करवू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा.

प्रयोगाच्या वेळी निवळी शिक्षकानेच तयार करावी व शिक्षकानेच ओतावी. तीत फुंकर घालून पाणी दुधाळ करण्याचा प्रयोग मुलांकडून करवू नये. फुंकण्याऐवजी चुकून ओढले गेल्यास तोंड भाजेल. अनोळखी पदार्थ चाखून आम्ल-अल्क ओळखणे सर्वस्वी वर्ज्य समजावे. मैदान आखताना मुले दूर ठेवावीत आणि फक्की वाऱ्याच्या दिशेने टाकावी.

एक चुकीची समजूत

मधमाशीचे विष आम्ल म्हणून त्यावर सोडा आणि गांधीलमाशीचे विष अल्क म्हणून त्यावर लिंबू लावावे, असे बऱ्याच पुस्तकांत आढळते. हे उदाहरण शिकवू नये. विष हे अनेक प्रथिनांचे मिश्रण असून ते कातडीच्या आत सोडले जाते. वरून लावलेला पदार्थ तेथवर पोहोचत नाही. विंचवाच्या दंशावर चुना, चिंचोका वगैरे लावीत बसणे तर जिवावर बेतते. मूळचे जालना जिल्ह्यातील व महाड येथे काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यामुळे असंख्य जीव वाचले. विंचू चावलेल्या मुलास वेळ न घालविता आरोग्य केंद्रात पोहोचविणे, एवढेच शिक्षकाचे काम.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. मीठ खारट आहे. मग हळदीची पट्टी मिठाच्या पाण्यात लाल का होत नाही?
२. एका पदार्थात हळदीची पट्टी पिवळीच राहिली. तो आम्ल आहे की उदासीन, हे कसे ठरवाल?
३. ताक पितळेच्या भांड्यात का ठेवू नये?
४. कोकणातील शेतकरी शेतात चुना टाकतो, तुमचे वडील का टाकत नाहीत?
५. पेल्यातील चुन्यावर लिंबाचा रस चालतो, डोळ्यांतील चुन्यावर का चालत नाही?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर वर्गातील प्रत्येक मुलाला कारणासह देता आले पाहिजे. ते येईपर्यंत शिक्षकाने पुढील पाठ सुरू करू नये.